पाट चढ चढत नाही

ठाण्यात राहून सायकल चालवणाऱ्या माणसाचा रविवार पहाटे साडेचारला सुरू होतो आणि त्याचे कारण उत्साह नसून डंपर हे असते. साडेसहाच्या आत घोडबंदर रस्त्याची फेरी आटोपली नाही, तर पुढचा सगळा वेळ धूर, हॉर्न आणि डाव्या कडेची सुटी खडी यांच्या तावडीत जातो. नवी मुंबईतला पाम बीच रस्ता रुंद आहे, गुळगुळीत आहे, पण तेथे मोटारी ज्या वेगाने जातात तो पाहता सायकलस्वाराला देवाचे नाव घेतच पॅडल मारावे लागते. या दोन रस्त्यांवर मी बारा वर्षे सायकल चालवली. तीन वर्षांपूर्वी माजिवड्याच्या पुढे एका कंटेनरचा आरसा माझ्या उजव्या कोपराला घासून गेला. लागले काहीच नाही; जर्सीच्या बाहीवर काळा पट्टा उमटला, एवढेच. कंटेनर चालवणाऱ्याला ते कळलेसुद्धा नसेल. पण त्या दिवशी घरी येऊन ती बारीक चाकांची सायकल मी गॅलरीत उभी केली, ती पुन्हा त्या रस्त्यावर नेली नाही.

वासिंदला माझे मामा राहतात. पाटबंधारे खात्यात त्यांनी चौतीस वर्षे नोकरी केली. सुरुवात घाटावरच्या एका जुन्या कालव्यावर पाटकरी म्हणून झाली, पुढे बदली होऊन ते भातसा प्रकल्पावर आले आणि कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. घाटावरची बोली त्यांच्या तोंडून अजून गेलेली नाही, त्यामुळे इकडचे शेतकरी ज्याला ‘कॅनॉल’ म्हणतात त्याला मामा आजही ‘पाट’च म्हणतात. आरशाची हकीकत ऐकून मामींनी कपाळाला हात लावला आणि सायकल विकून टाकायला सांगितले. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “पाटाच्या कडेनं का चालवत नाहीस? मी चोवीस इंची सायकलवर सगळी नोकरी तिथंच काढली. तुझ्या गुडघ्यालाही बरं. पाट कधी चढ चढत नाही.”

हे वाक्य ऐकायला म्हणीसारखे वाटते, पण ते निव्वळ स्थापत्यशास्त्र आहे. कालव्यातल्या पाण्याला पुढे ढकलायला कोणी नसते. ते आपल्याच वजनाने वाहते. त्यामुळे कालवा काढणाऱ्याला टेकडीच्या पोटाला लागून, समपातळीची रेषा धरून, वळसे घेत जावे लागते आणि उतारही अगदी बेताचा ठेवावा लागतो, कारण उतार जास्त झाला तर पाणी काठ खरवडते आणि कमी झाला तर गाळ बसतो. मामांच्या हिशेबात हा उतार चार-पाच हजार फुटांना एक फूट असा येतो, म्हणजे किलोमीटरमागे वीत-सव्वा वीत. या रेषेच्या कडेने जो भराव असतो, त्यावर मुरूम टाकून खात्याची जीप आणि पाटकऱ्याची सायकल जाईल एवढी वाट ठेवलेली असते. तिच्यावर एस.टी. येत नाही, ट्रक येत नाही आणि ती कोणत्याही दोन गावांना जवळच्या अंतराने जोडत नसल्यामुळे घाईत असलेला माणूसही तिच्या वाटेला जात नाही. वाहनांपासून सुटका हवी असणाऱ्याला याहून वेगळे काय हवे असते?

परदेशांत अशा वाटांचे मोठे कौतुक आहे. फ्रान्समधला कॅनाल द्यू मिदी हा २४० किलोमीटरांचा कालवा १६८१ मध्ये खुला झाला आणि आज त्याच्या काठाने लोक दिवसच्या दिवस सायकलने जातात. अमेरिकेत वॉशिंग्टनपासून कंबरलंडपर्यंत चेसापीक आणि ओहायो कालव्याच्या काठाने सुमारे २९७ किलोमीटरांची मातीची वाट आहे. त्या जागी मोटाररस्ता करण्याचा बेत होता, तेव्हा तेथील सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९५४ मध्ये रस्त्याची बाजू घेणाऱ्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या संपादकांना आव्हान देऊन ती संपूर्ण वाट त्यांच्यासह पायी चालून दाखवायचे ठरवले आणि अखेर १९७१ मध्ये ती राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान म्हणून राखली गेली. मात्र त्या वाटांचा आणि आपल्या वाटांचा जन्म वेगळा आहे. तेथील कालवे होड्यांसाठी होते आणि होडी दोराने ओढत नेणाऱ्या घोड्या-खेचरांसाठी काठावर अखंड, सलग वाट ठेवणे भागच होते. आपले कालवे शेतीसाठी झाले. आपल्या काठावरची वाट देखरेखीपुरती असते. एखाद्या मोरीपाशी ती अचानक पलीकडच्या काठावर उडी मारते, कोठे करवंदीच्या जाळीत गडप होते, आणि कोठे तर शेतकऱ्याने मोटर ठेवण्यासाठी बांधलेल्या पत्र्याच्या खोपटापाशी संपल्यासारखे करून मागच्या बाजूने पुन्हा सुरू होते.

घाटावर मुठा, नीरा, प्रवरा, गोदावरी यांचे कालवे शंभरीच्या आसपासचे किंवा त्याहून जुने आहेत आणि तेथे अशी वाट शोधावी लागत नाही. कोकणात मात्र कालवे थोडे. पाऊस अमाप, नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या, जमीन उंचसखल. चार महिने पाणी नको म्हणावे एवढे आणि पुढे विहिरीचा तळ दिसेपर्यंत उपसा, अशी आपली रीत. ठाणे जिल्ह्यात जे काही कालवे, बंधारे आणि जलवाहिन्या आहेत, त्यांतल्या बहुतेकांच्या मागे मुंबईची तहान आहे. ही गोष्ट सायकलवर बसल्याशिवाय माझ्या नीट ध्यानात आली नव्हती.

भातसेचेच उदाहरण घ्यावे. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मे पाणी शहापूर तालुक्यातल्या या एका धरणातून जाते. तानसेचे पाणी जसे तलावापासूनच नळातून निघते तसे भातसेचे निघत नाही. ते धरणातून थेट नदीच्या पात्रात सोडले जाते, तेथून मैलोन् मैल नदी म्हणूनच वाहते आणि भिवंडी तालुक्यातल्या पिसे येथील बंधाऱ्यापाशी उचलून शुद्धीकरणासाठी पांजरापूरला नेले जाते. याचा परिणाम असा, की शेजारच्या ओढ्यांत मे महिन्यात पांढरे गोटे उघडे पडलेले असताना भातसा मात्र काठोकाठ नसली तरी वाहती असते. वासिंदच्या किंवा खडवलीच्या बाजूला एप्रिलच्या उन्हात नदीकाठी उभे राहिले, की डोळ्यांना गारवा देणारे ते पाणी दोन-तीन दिवसांनी दादर-माटुंग्याच्या कोणाच्या तरी पिंपात पडणार असते. आणि त्याच तालुक्यातल्या डोंगरपाड्यांवरच्या बायका त्याच महिन्यात टँकरची वाट पाहत हंडे ओळीत लावून बसलेल्या असतात. मी सायकलवर फिरायला आलेली बाई. यावर भाषण करण्याचा मला अधिकार नाही, परंतु कळव्यात माझ्या नळाला रोज पाणी येते आणि त्या हंड्यांच्या ओळीवरून मी घंटी वाजवत जाते, हे मला प्रत्येक वेळी टोचते.

आता प्रत्यक्ष वाटेविषयी. माझी दुसरी, जाड टायरांची सायकल गेली अडीच वर्षे मामांच्या पडवीत असते. रविवारी पहाटे ठाण्याहून कसारा लोकल पकडायची, रिकाम्या डब्यात खिडकीशी बसून डबा उघडायचा आणि वासिंदला उतरून चालत मामांकडे जायचे. लोकलमध्ये सायकल चढवण्याचा खटाटोप त्यामुळे वाचतो. मामींचा चहा घेतल्याशिवाय निघता येत नाही, तेव्हा उजाडायला आलेले असते. घरापासून पंचवीस मिनिटांवर भातसेच्या उजव्या कालव्याचा भराव लागतो. नेमका कोठे लागतो ते मी मुद्दाम लिहीत नाही, कारण नदीकाठच्या एखाद्या जागेची चित्रफीत मोबाइलवर पसरली की पुढच्या पावसाळ्यात तेथे काय होते, ते खडवलीच्या बुडण्याच्या बातम्या वाचणाऱ्या सर्वांना माहीत आहे. ज्याला जायचेच आहे त्याने उपग्रहाचा नकाशा उघडून शहापूर आणि भिवंडी तालुक्यांच्या मधला भाग मोठा करून पाहावा. रस्ते सरळ धावतात किंवा कोनात वळतात. नदी वेडीवाकडी असते. आणि या दोन्हींत न बसणारी, टेकड्यांच्या कंबरेला गुंडाळल्यासारखी एकसारख्या जाडीची रेषा दिसली, की तो कालवा समजावा. त्याला चिकटून फिकट तांबूस धागा दिसत असेल तर वाट आहे.

त्या भरावावर सायकल चढवली, की पहिला फरक कानाला जाणवतो. नाशिक महामार्गाची घरघर मागे राहते आणि चाकाखाली मुरूम चुरडल्याचा बारीक, एकसुरी आवाज तेवढा उरतो. डाव्या हाताला हातभर खाली पाणी, उजव्या हाताला पुरुषभर खाली शेते. नोव्हेंबरात भात कापून झोडून झालेले असते, उडव्या रचलेल्या असतात आणि रिकाम्या खाचरांत ओलीवर वाल टाकलेला असतो. जानेवारीनंतर भेंडी. शहापूर-वासिंदकडची भेंडी वाशीच्या बाजारात जाते, हे ठाणेकरांना ऐकून माहीत असते. परंतु भेंडीची लव हाताला किती खाजते ते मला कालव्यावर कळले. सकाळी सातच्या सुमारास तोडणीला आलेल्या बायका दोन्ही हातांत पुरुषांचे जुने पायमोजे चढवून ओळीने पुढे सरकत असतात. त्यांपैकी एकीने एकदा मला हाक मारून विचारले, “एकटीच कुठं चालली गो बाय? भ्या नाय वाटत?” मी म्हटले, भीती घोडबंदरला वाटते. तिला घोडबंदर ठाऊक नव्हते, पण ती हसली आणि ओंजळभर कोवळी भेंडी तिने माझ्या पाठीवरच्या खिशात कोंबली. परतीच्या वाटेवर ती लव मला पाठीला खाजत होती.

तीस-बत्तीस किलोमीटरांच्या या फेरीत माझ्या घड्याळात एकूण चढ जेमतेम १०० मीटरांचा नोंदवला जातो, आणि तोही बहुतेक गावातून भरावावर येण्याजाण्याचा. येऊरच्या फाट्यावर तेवढा चढ पहिल्या काही मिनिटांत होतो. मात्र सपाट वाट म्हणजे सोपी वाट, अशी जी समजूत असते ती येथे उपयोगी पडत नाही. डांबरी उतारावर पाय थांबवून विसावा घेता येतो. मुरमाच्या सपाट वाटेवर तो मिळत नाही. पॅडल थांबले की सायकल थांबते. शिवाय जीपच्या चाकांच्या दोन चाकोऱ्या आणि मधे गवताचा उंचवटा अशी रचना असल्यामुळे एकदा चाकोरी धरली की ती सहज सोडता येत नाही, आणि मी पाण्याच्या बाजूची चाकोरी कधीच धरत नाही. अस्तर केलेल्या कालव्याच्या बाजू तिरप्या आणि शेवाळलेल्या असतात. पोहता येणारा माणूसही आत पडला तर त्या घसरड्या काँक्रीटवर हात टेकायला जागा मिळत नाही. ही सूचना मामांची आहे आणि नोकरीत त्यांनी पाहिलेल्या गोष्टींमुळे ती त्यांनी मला हसत हसत दिलेली नाही.

सायकलविषयी फार लिहिण्यासारखे नाही, तरी जे नवे आहेत त्यांच्यासाठी थोडे. ग्रॅव्हल सायकल म्हणून जी विकली जाते तिचे हँडल शर्यतीच्या सायकलसारखे वळलेले असते, पण चिमट्यात जाड टायरला जागा असते. माझे टायर ४० मिलिमीटरांचे आहेत आणि त्यांत हवा ३५ पीएसआयच्या आसपास ठेवते. वजन जास्त असलेल्याने थोडी अधिक ठेवावी. हवा कमी असली की टायर खडीवर उडत नाही, तिला कवेत घेतो. ज्याच्याकडे साधी जाड चाकांची सायकल आहे, त्याने या वाटेसाठी नवी घेण्याचे काहीही कारण नाही. मामा तर लोखंडी मडगार्डच्या सायकलवर आणि मागे फावडे बांधून जात असत. खरा शत्रू आहे तो करवंदीचा आणि बाभळीचा काटा. म्हणून मी ट्यूब काढून टाकून आत पांढरे पातळ रसायन भरले आहे, जे भोक पडताच बाहेर येते आणि तेथेच गोठते. एकदा चारीच्या, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या छोट्या पाटाच्या, एका बारीक दारापाशी थांबले असता पुढच्या टायरातून ते फसफसून उडू लागले. शेजारी पेंढा आणि चिखल यांचा बोळा करून चारीचे गळके दार बुजवत बसलेले एक काका हातातले काम टाकून उठले. “अगो, चीक गळतोय निवडुंगावानी!” असे म्हणून त्यांनी वाकून बोटाने तो चीक पुसला, अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळून पाहिला आणि तेवढ्यात भोक बुजले. काकांनी टायर दाबला, माझ्याकडे पाहिले, मग आपल्या गळक्या दाराकडे पाहिले. “ह्ये एक बाटली आमच्या दारात वतलं तर?” असे त्यांनी पूर्ण गांभीर्याने विचारले. मी घरी येऊन हे मामांना सांगितले, तेव्हा ते ठसका लागेपर्यंत हसले आणि म्हणाले की चौतीस वर्षांत खात्याला हे सुचले नाही.

ऋतू पाळावा लागतो. दिवाळीनंतर वाट कोरडी होते, पावसाळ्यात माजलेले गवत वाळून आडवे पडते आणि होळीपर्यंतचे चार महिने उत्तम. मार्चनंतर राब भाजायला सुरुवात होते. खाचराच्या एका कोपऱ्यात पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून पेटवतात, तेथेच पुढे भाताची रोपे होणार असतात. त्या धुरातून सायकल चालवताना डोळे चुरचुरतात, तरी तो वास मला आवडतो. एप्रिल-मेमध्ये नऊच्या आत परत यावे. आणि जूनमध्ये येऊच नये, हे मी अनुभवाने सांगते. पहिल्या वर्षी रोहिणीची एक सर पडून गेल्यावर वाट छान बसली असेल, धूळ नसेल, अशा विचाराने मी निघाले. दोन किलोमीटरांवर मुरूम संपून भाताच्या जमिनीची माती लागली. ती माती चाकाला लागत नाही, चाकावर चढते. दहा फेऱ्यांत चाक आणि चिमटा यांच्यात एवढा लगदा साचला की चाक फिरेना. काडीने खरवडून काढावा आणि पुन्हा पाच पावलांवर तेच. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. चिखलासकट तिचे वजन किती झाले होते कोण जाणे, पण जवळच्या डांबरी रस्त्यापर्यंतचे तीन किलोमीटर चालायला मला दीड तास लागला आणि एका बुटाचा तळवा कायमचा तेथेच राहिला. पाऊस जोरात सुरू झाल्यावर तर प्रश्नच नसतो. धरण भरत आले की दरवाजे उघडतात, नदीकाठच्या गावांना सावध केले जाते आणि त्या काळात काठावर सहलीसाठी जाणे हा निव्वळ उद्दामपणा आहे.

भातसेचा कंटाळा आला (तो अजून आलेला नाही) तर उल्हासच्या बाजूला जावे. राजमाचीच्या डोंगरात उगम पावून वसईच्या खाडीपर्यंत १२२ किलोमीटर वाहणारी ही नदी बदलापूरच्या वर अजून नदीसारखी दिसते. तिलाही उन्हाळ्यात पाणी असते आणि त्यामागची कथा भातसेहून अजब आहे. घाटमाथ्यावर ठोकरवाडीला आंद्रा नदी अडवून तिचे पाणी बोगद्याने आणि नळांनी कोकणात पाडून १९२२ मध्ये भिवपुरीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. आंद्रा इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे जे पाणी बंगालच्या उपसागराला जायचे ते वीज करून झाल्यावर कर्जतच्या बाजूला उतरते. त्याच पाण्यावर कर्जत तालुक्यातला राजनाला कालवा चालतो आणि आसपासचे माळ तांबूस पडलेले असताना तेथील खाचरांत फेब्रुवारीत भाताची दुसरी लावणी हिरवीगार उभी असते. राजनाल्याच्या काठाने जाताना बांधावरचे बगळे, विजेच्या तारेवरचा खंड्या आणि गुडघाभर चिखलात उभी माणसे पाहून महिना कोणता, याचा क्षणभर विसर पडतो. तो भाग रायगडात मोडतो, पण बदलापूर-वांगणीच्या माणसाला तो शेजारचाच. वाट तुकड्यातुकड्यांची आहे, मधे डांबर लागते, कर्जत-नेरळ रस्त्याला शेतघरांच्या मोटारींची शनिवार-रविवारी रांग असते, त्यामुळे शक्य असेल तर रजा टाकून आठवड्याच्या मधल्या वारी जावे. पावसाळ्याविषयी येथे वेगळे सांगायला नको. २७ जुलै २०१९ रोजी याच उल्हासच्या पुराने बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस हजारावर प्रवाशांसह पाण्यात अडकवून ठेवली होती.

तानसेच्या जलवाहिनीच्या कडेचा रस्ताही पुष्कळ सायकलस्वारांना खुणावतो. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या त्या धरणापासून निघणारे पुरुषभर उंचीचे नळ भिवंडी तालुक्यातून शेतांमधून जाताना दिसतात आणि त्यांच्या शेजारची पट्टी सपाट, मोकळी असते. परंतु तो शहराच्या पाण्याचा जीव आहे, तेथे पहारा असतो, आणि ज्या ठिकाणी फाटक लावलेले आहे तेथून सायकल उचलून पलीकडे टाकणाऱ्यांचे मला मुळीच कौतुक नाही. कालव्यांचेही तेच. काठावरची वाट खात्याची मालमत्ता आहे आणि तिच्यासाठी १९७६ चा महाराष्ट्र पाटबंधारे कायदा आहे. वाटेत चौकीदार भेटला की मी उतरते, कोठून आले आणि कोठे जाणार ते सांगते, त्याने मागे फीर म्हटले तर फिरते. असे दोनदा झाले आहे. काठावर धुणे धुणाऱ्या किंवा अंघोळ करणाऱ्या बायका असल्या तर शंभर पावलांवरून घंटी वाजवून थांबावे, त्यांनी होकार दिल्यावर खाली मान घालून जावे. पुरुष सायकलस्वारांच्या टोळक्याला हे कोणीतरी सांगायला हवे, म्हणून येथे लिहिले.

नवी मुंबईकरांकडे कालवा नाही, पण खाडी आहे. खारजमिनीत भरतीचे पाणी शिरू नये म्हणून घातलेले मातीचे बांध आणि त्यांतल्या उघाड्या, म्हणजे ओहोटीला गोडे पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला मिटणारी दारे, ही आगरी शेतकऱ्यांची पिढ्यान् पिढ्यांची विद्या होती. १९७० मध्ये सिडको आली, पंचाण्णव गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या आणि बहुतेक बांध भरावाखाली गेले. पनवेल-उरणच्या बाजूला उरलेल्या एखाद्या बांधावरून हिवाळ्यात सकाळी सायकल नेता येते. वाट चाकापेक्षा थोडीच रुंद असते, माती उन्हाने भेगाळलेली असते, आणि समोर पाण्यात फ्लेमिंगो असतील तर उतरून चालावे हे बरे. मी तेथे दोनदाच गेले, तेव्हा याहून जास्त लिहीत नाही.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. गेल्या तीन वर्षांत भरावावरून दिसणाऱ्या क्षितिजावर पत्र्याची निळी-पांढरी छपरे वाढत चालली आहेत. भिवंडीची गोदामे पडघ्याकडे सरकत आहेत. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरांचा टप्पा खुला झाला, आणि नागपूरचा माणूस आता माझ्या वाटेपासून हाकेच्या अंतरावर येऊन उतरतो. त्याला माझी हरकत असण्याचे कारण नाही. मामांचा नातू त्याच रस्त्याने नाशिकला जाऊन येतो आणि खूश असतो. परंतु काम चालू असताना मुरूम आणि खडी वाहणाऱ्या डंपरांनी आसपासचे गाडीरस्ते असे काही उखडले, की ज्या दोन ठिकाणी मला भरावावर चढण्यासाठी गावातला रस्ता ओलांडावा लागतो तेथे मला घोडबंदरवरची मागे वळून पाहण्याची सवय पुन्हा लागली. कालव्याला लागूनच्या शेताच्या कडेने एकरा-दोन एकरांच्या तारा पडल्या आहेत, त्यांवर विक्रीच्या पाट्या आहेत. शेत गेले की चारी मोडते, चारी मोडली की तिच्या पुढच्याला पाणी मिळत नाही, त्यालाही मग विकण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि पाणी घेणारेच उरले नाहीत तर पाटकरी कशाला हवा आणि त्याची वाट तरी कोण झाडणार? मामांनी हे सगळे माझ्याआधी पाहिलेले आहे.

म्हणूनच की काय, मी फेरी संपवून परत आले की ते किती किलोमीटर झाले, सायकल कशी चालली, असले काही विचारत नाहीत. मी नळावर पाय धूत असतानाच पडवीतून त्यांचा एकच प्रश्न येतो. “टेलला पाणी पोचलं होतं का?” कालव्याच्या शेवटाला खात्यातली आणि शेतातली सगळी माणसे टेलच म्हणतात. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाळीने सोडायचे पाणी, सुटले की वरच्या अंगाचे शेतकरी आधी दारे उघडतात, गळती असते, चोरी असते, आणि टेलवाल्याच्या वाट्याला ओल तेवढी येते. त्याची भांडणे मिटवण्यात मामांची अर्धी नोकरी गेली. पहिल्या काही वेळा मला या प्रश्नाचे उत्तर देता येत नसे, कारण मी टेलपर्यंत जातच नव्हते. तेथे वाट खराब आहे, सावली नाही आणि पाहण्यासारखेही काही नाही. आता जाते. फेरी त्यामुळे अकरा किलोमीटरांनी वाढली आहे. मागच्या फेब्रुवारीत गेले तेव्हा शेवटच्या दारापाशी टाचा बुडतील एवढे पाणी आलेले होते, त्यात पेंढ्याच्या काड्या हळूहळू पुढे सरकत होत्या आणि एक मुलगा ते पाणी आपल्या वाफ्याकडे वळवण्यासाठी पायानेच माती ओढत होता. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढून आणला. मामांनी चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा करून मुलाकडे न पाहता दाराच्या बाजूच्या मापाच्या पट्टीवर आणला आणि डोळे बारीक करून आकडा वाचायचा प्रयत्न केला. तो पुसट झाला होता. “पुढच्या खेपेला रंगाचा डबा घेऊन जा,” ते म्हणाले.